मानाच्या खुर्चीपर्यंत

मागच्या खेपेला सासरेबुवा जेवायला आले आणि उपाशी उठले. टेबल लांबलचक, एका टोकाला स्वयंपाकघराचं दार, दुसऱ्या टोकाला त्यांची मानाची खुर्ची आणि मधोमध मेहुणा. बटाट्यांचं भांडं हातोहात सरकत मानाच्या खुर्चीपर्यंत पोचलं, तेव्हा त्यात फक्त डाव उरला होता.

"नखाएवढ्या चिपमध्ये तू कानाकोपऱ्यात वीज पोचवतोस म्हणे," बायको म्हणाली. "माझ्या बापापर्यंत एक बटाटा पोचवता येत नाही? उद्या बाबा पुन्हा उपाशी उठले, तर मी त्यांच्याबरोबरच निघाले. सांगून ठेवते."

इंजिनिअरच्या हे जिव्हारी लागलं. चिपमध्ये वीज वाटणाऱ्या तारांची जाळी आखण्यात त्याची हयात गेली होती. टोकाच्या कोपऱ्याला वीज कमी पडली, की याच्याच पोटात कावळे ओरडायचे. शिवाय बायकोवर त्याचा जीव होता, आणि ती बोलते ते करते हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

सकाळी त्याने माळ्यावरच्या सगळ्या फळ्या खाली काढल्या आणि टेबलावरून, कपाटांवरून, खिडकीच्या कठड्यावरून स्क्रू मारून बसवल्या. मेहुणा जरा लवकरच आला होता.

"भाऊजी, हे काय?"

"एकाच वाटेने माल गेला, की वाटेतले खातात. म्हणून उभ्या फळ्या, आडव्या फळ्या. इथून संपलं तर तिथून येईल."

"वाटेतले म्हणजे मी?"

"मी कुणाचं नाव घेतलंय?"

मग त्याला वाटलं, कुणाची भूक अचानक खवळली तर? स्वयंपाकघरातून माल यायला वेळ लागणार. म्हणून प्रत्येक खुर्चीच्या हाताशी एक भरलेलं पातेलं आलं. मग आठवलं, गेलेलं परत यायलाही वाट लागते, नाहीतर सगळंच ठप्प. म्हणून रिकाम्या भांड्यांसाठी खाली तेवढ्याच फळ्यांचा दुसरा मजला झाला.

"भाऊजी, पण माणसांनी जायचं कुठून?"

इंजिनिअरने डोकं खाजवलं. "ऑफिसात ते दुसरी टीम बघते."

तेवढ्यात बेल वाजली.

"जावईबापू, सुतारकाम काढलंत?" दारातून सासरेबुवांनी विचारलं.

"नाही बाबा. जेवण."

सासरेबुवा भुकेले होते. त्यांनी कोट काढला, गुडघ्यांवर बसले आणि रांगत रांगत फळ्यांखालून थेट मानाच्या खुर्चीत उगवले. बायकोने डोक्याला हात लावला. पण बटाटे निघाले आणि चारी बाजूंनी पोचले, गरम गरम. एक बशी रिकामी होते न होते तोच दुसरी हजर. पोट सुटलेल्या मेहुण्याला आत शिरता येईना, त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभ्याने खाल्लं. शेवटी सासरेबुवांनी असा काही ढेकर दिला, की बायकोचे डोळे भरून आले. इंजिनिअरला तर जग जिंकल्यासारखं वाटलं.

"चला बाबा, गाडी काढतो," मेहुणा म्हणाला.

सासरेबुवा वाकायला गेले. पोट वाकेना. इंजिनिअर लगबगीने स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.

"खबरदार फळीला हात लावाल तर!" सासरेबुवा गरजले. "घरी मला साधं मीठ हवं असलं तरी चार हाका माराव्या लागतात." आणि ते पाय पसरून मागे रेलले.

"आता रे?" बायको कुजबुजली.

"उपाशी नाही ना उठले?"

"उठतायत कुठे?"

फळ्यांच्या आतून प्रसन्न आवाज आला, "जावईबापू, सकाळचा चहा कुठल्या फळीवरून येतो?"