खार, घोरपड आणि समान स्वर

एका जंगलात एक पियानो होता. जंगलात पियानो कुठून आला, असे विचारू नका, मुलांनो. गोष्ट ऐकताना शहाणी मुले चौकशी करत नाहीत. चौकशीला पुढे समिती येणारच आहे.

या पियानोवर दोघी बसत. डावीकडे यमुनाक्का घोरपड, उजवीकडे झिपरी खार. यमुनाक्का वयस्कर. एका पट्टीवर पंजा ठेवला की तो उचलायची तिला घाई नसे. तेवढ्यात झिपरी उजवीकडच्या सगळ्या पट्ट्यांवरून दोनदा जाऊन येई.

"आक्के, झोपलीस का गं?" झिपरी विचारी.

"नाही गं बाई. तू परत यायची वाट बघतेय."

आणि झिपरी परतली की नेमका तेव्हाच यमुनाक्काचा पुढचा स्वर पडे.

हिवाळ्यात समुद्रापलीकडून येणारे पक्षी म्हणत, "आमच्याकडे याला जॅझ म्हणतात." जंगलात त्याला नुसते 'दुपार' म्हणत. ऐकता ऐकता सगळ्यांचे डोळे जड होत. बिबट्याच्या शेजारी हरिण बसे. बिबट्याला जांभई येई. पण तोंड उघडलेच आहे तर आणखी काही उरकून घ्यावे, हे त्याला सुचत नसे.

घोरपडीजवळ एरवी कोणी बसत नाही. त्यामुळे यमुनाक्का सकाळपासूनच दुपारकडे डोळे लावून असे.

एकदा कोतवाल पक्षी आला. कोणाचाही आवाज हुबेहूब काढण्यात त्याचा हातखंडा. तो म्हणाला, "तुमच्या आठ धुना पाठ करतो आणि रानोरान ऐकवतो. फक्त एवढं सांगा, आधी नाव कोणाचं घेऊ?"

"तिचं," दोघी एकदम म्हणाल्या.

इतका बिनभांडणाचा कारभार जंगलाला मानवेना. झाडावरचे म्हणाले, "हा झिपरीताईंचा अपमान आहे!" जमिनीवरचे म्हणाले, "आक्का थोर म्हणून गप्प बसल्या. आम्ही थोर नाही!"

कोल्ह्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने स्वर मोजले. झिपरीचे चार हजार एकशे बारा. यमुनाक्काचे दोनशे सात.

"अन्याय तर झालेलाच आहे," कोल्हा म्हणाला. "कोणावर, तेवढं ठरायचंय."

ते ठरेपर्यंत दोघींनी समान स्वर वाजवावेत, असा हुकूम निघाला.

यमुनाक्काने पुढचे पंजे जोडले. "अध्यक्षसाहेब, नाव तिचंच लावा. माझं गाळलंत तरी चालेल. पण वाजवू द्या हो आम्हाला, होतं तसं."

"आक्का, हा तुमचा मोठेपणा. तो इतिवृत्तात घेतो," कोल्हा म्हणाला. त्याने तो घेतला आणि मग पुढचा विषय घेतला.

दोघी मोजून वाजवू लागल्या. यमुनाक्का धापा टाकत धावे. झिपरी एकेक स्वर शेपटीवर मोजत थांबे. कोणी कोणाची वाट पाहीना. त्या दिवशी बिबट्या टक्क जागा राहिला. 'श्रोते प्रथमच एकाग्र दिसले,' असे अहवालात आहे. शेजारच्या हरणाचे काय झाले, हा प्रश्न अहवालाच्या कक्षेत येत नव्हता.

"आक्के," उठताना झिपरी म्हणाली, "मोजण्याच्या नादात तू मला ऐकूच येत नाहीस गं."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

नावाचा तंटा मात्र सुटला. विषम तिथीला झिपरीचे नाव आधी, सम तिथीला यमुनाक्काचे. त्यानंतर समितीच्या सभासदांची, हुद्द्यांसह. कोतवाल ती सगळी बिनचूक घेतो. तोवर सूर्य कलतो आणि धुना राहून जातात.

यमुनाक्का अजून दुपारी पियानोपाशी बसते. डावीकडची एक पट्टी दाबते. पंजा उचलत नाही.

"आक्का, झोपलात काय?" कोल्हा येताजाता विचारतो.

"नाही साहेब. वाट बघतेय."

कोल्हा तेही इतिवृत्तात घेतो.

तात्पर्य : दोन कलावंत गुण्यागोविंदाने वाजवत असतील, तर त्यांच्या वतीने भांडणे हे रसिकांचे कर्तव्यच आहे. मात्र शेजारी बिबट्या असेल, तर समिती नेमण्याआधी आपली जागा बदलून घ्यावी.