शिष्टमंडळाची दाढ

सुताराच्या बायकोने त्याला दातांच्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत आणून सोडलं आणि तिथेच बजावलं, "अहो, दाढ आत राहिली पाहिजे आणि तुम्ही बाहेर आलं पाहिजे. मागल्या तीन वेळेसारखं दोघांनी मिळून घरी यायचं नाही."

सुताराने मान हलवली. मान हलवली तशी दाढ ठणकली.

तीन वेळा तो याच पायरीवरून परतला होता. एकदा हातोडी विसरली म्हणून, एकदा आभाळ भरून आलंसं वाटलं म्हणून, आणि एकदा काहीच कारण सुचेना म्हणून तसाच. आठ फुटी तुळई खांद्यावर पेलणारा, करवतीच्या पात्यावरून अंगठा फिरवून धार सांगणारा हा गडी एका चिमट्याला भीत होता. आणि ही गोष्ट जगात फक्त बायकोला ठाऊक होती.

बाकावर त्याच्याआधी तीनच माणसं होती. पहिला नंबर बसच्या कंडक्टरचा, दुसरा लोकर विणत बसलेल्या मावशींचा, तिसरा निवृत्त झालेल्या भाषेच्या मास्तरांचा. चौथा सुताराचा. दवाखाना एकला बंद व्हायचा आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. सुताराने हिशेब केला. हिशेब त्याच्या विरुद्ध जात होता.

तेवढ्यात एक गृहस्थ "एक मिनिटाचं काम आहे" म्हणत सरळ आत गेले.

"ताई, हे तिसरे!" कंडक्टर उखडला. "आम्ही काय बाक उडू नये म्हणून बसलोय?"

"डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचे आहेत," नंबर वाटणाऱ्या ताई मान वर न करता म्हणाल्या. "काय असेल ते लेखी द्या."

मास्तरांचे डोळे उजळले. लेखी म्हटल्यावर त्यांना दातदुखीचा विसर पडला. खिशातून त्यांनी चार घड्यांचा कागद काढला. पेन मात्र कुणाकडेच नव्हतं. तिघांचीही नजर फिरत फिरत सुताराच्या कानावर येऊन थांबली. कानावर पेन्सिल होती.

"मिस्त्री, लिहा," मास्तर म्हणाले. "माननीय डॉक्टरीणबाई यांस. आम्ही... नुसतं आम्ही नको. चार माणसं म्हटलं की कुणी विचारत नाही. आपण संघटित आहोत असं दिसलं पाहिजे. रुग्ण मंडळ लिहा."

सुताराने 'रुग्ण मंडळ' लिहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. अर्ज दोन ओळींचा. तो आत गेला की ओळखीचे बंद होणार, रांग सुतासारखी सरळ होणार आणि पाऊण वाजेपर्यंत चौथा नंबर लागणार. त्याने तोंड उघडलं. उजव्या बाजूनेच, लागेल तेवढंच.

"मंडळ म्हटलं की अध्यक्ष आला."

"खरंच की!" मास्तर म्हणाले.

अध्यक्षपदाला मास्तर उभे राहिले आणि कंडक्टरही. दोघांना एकेक मत पडलं, ज्याचं त्याचं. सुतार तटस्थ राहिला. मावशी म्हणाल्या, "मला मध्ये ओढू नका, माझा टाका चुकतो." यात बारा वाजले.

"मग संघ लिहू या," मास्तरांनी मंडळावर काट मारायला सांगितली.

"संघाला अकरा माणसं लागतात," सुतार हळूच म्हणाला.

"आणि बदली खेळाडू वेगळे," कंडक्टरने भर घातली.

"समिती?"

"नको गं बाई," या वेळी मावशीच बोलल्या. "समितीला अहवाल द्यावा लागतो. आमच्या ह्यांच्या समितीचा अहवाल अजून कपाटावर पडलाय. हे गेले, अहवाल आहे."

समितीवर काट आली.

"पथक?"

"पथक अचानक जाऊन धडकतं, मास्तर. आपण सकाळपासून इथंच बसलोय, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत," कंडक्टर म्हणाला.

"संघटना?"

"फुटते," सुतार म्हणाला.

एवढ्यात चौथे ओळखीचे आले. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. फक्त सुताराने पाय आखडून त्यांना वाट करून दिली. ते बाहेर पडल्यावर ताईंनी हाक दिली, "नंबर एक!"

"थांबा हो," कंडक्टर तिकडे न बघता म्हणाला, "आमची बैठक चाललीय."

ताईंनी खांदे उडवले. घड्याळात साडेबारा झाले. सुताराला आता इतकं बरं वाटू लागलं, की दाढसुद्धा ठणकायची राहिली.

पण मास्तर थकले होते. कपाळ पुसत ते म्हणाले, "जाऊ द्या. आम्ही चौघं असंच लिहा आणि द्या पाठवून."

सुतार चरकला. अजून अर्धा तास शिल्लक होता. एका दाढेला तो पुष्कळ झाला. घाईघाईत त्याच्या तोंडून निघून गेलं, "अर्ज कशाला? समक्षच भेटावं. शिष्टमंडळ न्यावं!"

हे तिघं आत जाणार, भांडणार, एक वाजणार, असा त्याचा साधा बेत.

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे पाणावले. "चाळीस वर्षं शिकवलं हो, पण हा शब्द वेळेवर कुणाला सुचला नाही. मिस्त्री, तुम्हीच जा."

"मी?"

"भाऊ, तुमचा गाल किती सुजलाय," मावशी म्हणाल्या. "नुसतं बघूनच त्यांना पाझर फुटेल."

"एका वेळी एकच आत सोडते मी," ताईंनी सांगून टाकलं.

"पण एकटा माणूस शिष्टमंडळ कसा होईल?" सुताराने शेवटची धडपड केली.

मास्तरांनी विचार केला. "पाठीशी बाकीचे उभे असले, की एकटाही होतो."

आणि तिघंही उठून त्याच्या पाठीशी उभे राहिले. मावशी विणकामासकट. त्यामुळे मागे पळायची वाट बंद झाली.

आत खुर्ची एकच होती. हात धूत असलेल्या डॉक्टरीणबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बसा." सुतार बसला. त्याने कागद पुढे केला आणि बोलायला तोंड उघडलं.

"हं," बाई वळून म्हणाल्या, "असंच उघडं ठेवा."

तो बाहेर आला तेव्हा एक वाजायला एक मिनिट होतं.

"काय ठरलं?" तिघांनी त्याला गराडा घातला.

सुताराच्या तोंडात कापसाचा बोळा होता. त्याने हात वर केला.

"मान्य?" कंडक्टरने विचारलं. सुताराने मान हलवली.

"सगळंच मान्य?" त्याने पुन्हा हलवली.

"बघितलंत?" मास्तर भरल्या आवाजात म्हणाले. "माणसं एकत्र आली की काय होतं ते!"

"दवाखाना बंद," ताई म्हणाल्या. "तुम्ही तिघं उद्या या. नंबर नवीन घ्यावे लागतील."

घरी सुताराने खिशातून पुडी काढून बायकोच्या हातावर ठेवली. तिने ती उलगडली. आत दाढ होती.

"म्हणजे आजही दोघं मिळूनच आलात," ती म्हणाली. पण आवाज मऊ होता, आणि चुलीवर दूध कोमट होत होतं.

पुडीचा कागद फेकता फेकता तिची नजर त्यावरच्या जाड पेन्सिलीच्या अक्षरांवर गेली. रुग्ण मंडळ, संघ, समिती, पथक, संघटना. सगळ्यांवर काट मारलेली.

"अगं बाई!" ती म्हणाली. "एवढी माणसं लागली धरायला?"

सुताराने मान हलवली. या वेळी काहीच ठणकलं नाही.