वाचल्याबिगर सही न्हाय

आमच्या शुक्रवार पेठेत कुरिअरवाला चन्नप्पा अण्णांचं पार्सल आणायला कचरतो. सहीसाठी कागद पुढे केला की अण्णा चष्मा काढतात, पुसतात आणि सगळा कागद वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचतात. नातवाच्या पालकसभेत हजेरीची सही करण्यापूर्वी त्यांनी आधीच्या चाळीस पालकांची नावं वाचून काढली होती. "वाचल्याबिगर सही न्हाय," हे त्यांचं पालुपद. यम आला तरी आधी त्याचं वॉरंट वाचून घेतील, असं त्यांच्या घरच्या काकू म्हणतात.

अण्णा चादरीच्या दुकानात विक्रेते आहेत. कापड मोजायची टेप घरी येतानाही गळ्यात तशीच. मी शाळेत मास्तर. सकाळी आम्ही दोघं सायकलनं बरोबर निघतो. बरोबर म्हणजे ते पुढे, मी मागे. शेजारी शेजारी चालवणं त्यांना मंजूर नाही. वळण्याआधी ते हात दाखवणार म्हणजे दाखवणारच. स्वतःच्या अंगणात शिरतानाही दाखवतात, आणि तेव्हा मागे बहुतेक शेजाऱ्यांची शेळी असते. सिग्नलला मोटार थांबली की काचेवर टकटक करून सांगतात, "वळणाऱ्यानं थांबायचं. सरळ जाणाऱ्याचा हक्क पयला. सायकल असली म्हणून काय झालं?" मोटारवाले काय उत्तर देतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

असा हा नियमाचा माणूस एका ठिकाणी मात्र रोज चुकायचा. पाण्याच्या टाकीजवळचा बोळ आला की अण्णा डावा हात बाहेर काढत आणि सरळ पुढे जात. "अण्णा, खोटा हात दाखवणं कुठल्या कायद्यात बसतं?" मी एकदा चिडवलं. त्यावर त्यांनी आठ दिवस माझ्याशी अबोला धरला.

गेल्या वर्षी माझी पाळी आली. एका पांढऱ्या मोटारीनं मला मागे टाकलं आणि ती लगेच डावीकडे पेट्रोल पंपात वळली. मी तिच्या दारावर आदळून रस्त्यावर पडलो. कोपर असं वाकडं झालं होतं की मला माझंच बघवेना. मोटारवाला उतरला आणि आधी दारावरचा ओरखडा निरखू लागला. हवालदार आले, त्यांनी बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला आणि जमलेल्यांतल्या दोघांना पंच म्हणून बोलावलं. त्यात पुढून परत फिरलेले अण्णा.

"वाचून दाखवा की आदी."

कागदात होतं, 'सायकलस्वार अचानक आडवा आला.'

"कोण आडवा आला? ह्यो सरळ चाललेला. वळली ती गाडी." अण्णांनी गळ्यातली टेप काढली आणि रस्त्याच्या कडेपासून माझ्या चाकाच्या खुणेपर्यंत मोजलं. "बघा, दीड फूट. कडंला धरून चाललेला माणूस आडवा कसा येतो?"

"तुम्ही वकील आहात का?" हवालदार तापले.

"न्हाय. चादरी इकतो."

"अण्णा, करा हो सही, मला दवाखान्यात जाऊ द्या," मी कळवळून म्हणालो.

"दम काढा, मास्तर. हाड डॉक्टर जुळवंल. ह्यो कागद नंतर कोण जुळवनार?"

शेवटी हवालदारांनी कंटाळून ते वाक्य खोडलं आणि खरं ते लिहिलं. अण्णांनी तेही वाचलं.

प्लास्टर घालून झाल्यावर मी त्यांच्यावर मनसोक्त चिडलो. त्यांनी माझं संपू दिलं. मग बोलले.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानासमोर एक यंत्रमाग कामगार असाच डावीकडे वळणाऱ्या मोटारीखाली गेला होता. हँडलला डबा होता; भाकरी रस्त्यावर पडल्या होत्या. पोलिसांनी हाक मारली, अण्णा बाहेर आले, पंच म्हणून सही केली आणि परत दुकानात गेले.

"गिऱ्हाईक खोळंबलेलं. चादरी उलगडून पडलेल्या. कागदाकडं बघितलंच न्हाय. त्यात लिवलेलं, सायकलवाला आडवा आला. मी दुकानातनं डोळ्यानं बघितलेलं, मास्तर. त्यो सरळ चाललेला."

"मग कोर्टात सांगायचं."

"कोर्टात इचारलं, वाचून सही केली का? एवढ्या माणसांत लाज वाटली. व्हय म्हणालो." मेलेल्याची बायको समोरच्या बाकावर बसली होती. निकालात सगळा दोष मेलेल्याच्या माथी गेला. "टाकीजवळच्या बोळात राहती ती. रोज म्हणतो, जाऊन सांगू. हात निघतो, सायकल वळत न्हाय."

त्या चिडवण्याची मला फार लाज वाटली.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात अण्णा कोरा कागद घेऊन घरी आले. "तुमचं अक्षर बरं हाय." त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, पाहिलं ते आणि कोर्टात खोटं बोलले तेही. दुसऱ्या दिवशी टाकीजवळ त्यांनी डावा हात काढला आणि वळले. मी मागोमाग.

बाई दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. आम्ही नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "तुमी चादरवाले. कोर्टात बघितलंय की मी तुमाला."

अण्णांनी कागद उघडला, पहिला शब्द वाचला आणि तो माझ्या हातात दिला. मग मीच वाचला. बाईंचे हात थांबले होते.

"म्हणजे आमचे हे सरळच चालले होते?"

"सरळच, अक्का."

"पोरीला मीच सांगत आले. तुझा बाप बघून चालवत नव्हता म्हणून." त्यांनी सूप बाजूला सारलं. मग त्यांनी कागद मागून घेतला. "रविवारी पोरगी येनार हाय. तिला दाखवते." त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "खाली सही न्हाय की."

अण्णांनी पेन काढलं, चष्मा पुसला आणि सगळा कागद पहिल्या ओळीपासून, या वेळी स्वतः, मोठ्यानं वाचला. मग सही केली.