कोबीसाठी दोन बाटल्या

बिजलीबाईचा जीव त्या आठवड्यात थाऱ्यावर नव्हता. बोरी अरबजवळच्या तांड्यातल्या दारूबंदी मंडळाची ती अध्यक्ष. रविवारी मंडळाचं जेवण होतं आणि भाजी आपल्या परसातल्या कोबीची, असं तिनं भर सभेत सांगून ठेवलं होतं. आता त्या कोबीवर गोगलगाई पंगत मांडून बसल्या होत्या. मीठ टाकलं, तर शेजारचा पालक करपला. विषाच्या गोळ्या टाकाव्यात, तर परसात कोंबड्या फिरत होत्या.

शेवटी तिनं नेरला दिलेल्या लेकीला, बबिताला, फोन लावला.

"याडी, वाट्या मातीत पुर अन् त्यात बिअर ओत. वासानं येतात, बुडून मरतात," बबितानं आईला उपाय सांगितला.

"अवं पोरी, मी अध्यक्ष आहो."

"मंग कोबीचं तू पाह्य."

स्वतः दुकानात जाणं शक्यच नव्हतं. राहिला नवरा. धनसिंगनं मागच्या होळीला तिच्यासमोर शपथ घेऊन दारू सोडली होती. त्याला पाठवायचं म्हणजे जिवाला घोर.

"दारव्ह्याले जा. बिअरच्या दोन बाटल्या आना," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

धनसिंगनं विळा खाली ठेवला. "मले पारखून राह्यली काय तू?"

"कोबीले पायजे."

तो पिशवी घेऊन निघाला. परत आला तेव्हा तिनं आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला, मग बाटल्यांची झाकणं तपासली.

सकाळी वाट्या गोगलगाईंनी भरल्या होत्या. तिला धड हसूही फुटलं नव्हतं, तोच मंडळाची सचिव सुखीबाई कोबी बघायला म्हणून परसात आली. तिचं नाक हललं आणि नजर रिकाम्या बाटलीवर गेली.

"धनसिंगभाऊ, पुन्हा सुरू केली काय?"

धनसिंगनं बायकोकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. "हो. मीच पेलो."

बिजलीबाई गप्प राहिली असती तर सगळं निभावलं असतं. पण तिला राहवेना.

"त्यायनं नाही पेली. म्या मागवली." तिनं वाट्या दाखवल्या.

सुखीबाई वाकून वाट्यांत बघत राहिली. राजीनामा आज मागते की रविवारी, एवढंच बिजलीबाईच्या डोक्यात घुमत होतं.

सुखीबाईनं आवाज खाली आणला. "दुसरी बाटली भरेल हाय काय? माह्या मेथीचे नुसते देठ राह्यले."

सुखीबाईच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळी अर्धं मंडळ पदराखाली वाट्या झाकून बिजलीबाईच्या परसात उभं होतं. बिजलीबाईनं बाटली सरळ वाटीत उपडी केली, तसा निम्मा फेस मातीत गेला. धनसिंगनं तिच्या हातातून बाटली घेतली, वाटी तिरपी धरली आणि फेस न येऊ देता सगळ्यांना सारखी वाटली.

"हात चांगला हाय भाऊ तुमचा," एकजण म्हणाली.

"सवय होती."

बाटली संपली, तरी बऱ्याच वाट्या रिकाम्या राहिल्या. सगळ्या बायका अध्यक्षांकडे बघू लागल्या. बिजलीबाईनं थोडा विचार केला आणि पदर कपाळापर्यंत ओढून घेतला.

"गाडी काढा," ती धनसिंगला म्हणाली. "मी येतो संगं. पेटी तुमच्या एकट्याच्यानं येनार नाही."