दांडी बसवल्याची वेळ

काम करणं कुणालाही जमतं. काम नेमकं कधी झालं हे सांगणं मात्र अधिकारी पुरुषांनाच साधतं. याला दृष्टांत मुंगीचा. मुंगी जन्मभर साखर वाहते, पण कोणता दाणा किती वाजता वारुळात पोचला हे तिला विचारून पाहा. म्हणून मुंगी मुंगीच राहिली आणि आमचे मेहुणे विभागप्रमुख झाले.

सज्जनहो, मेहुण्यांची थोरवी सांगायचा माझा अधिकार नाही (जावयाचा अधिकार ताटापुरता), तरी जरा चित्त द्या.

मेहुणे कामांची यादी ठेवतात. रंगीबेरंगी ॲप त्यांना चालत नाही. तो नुसता भपका. साधी मजकुराची फाईल, एका ओळीत एक काम, ओळीच्या आरंभी कामाचं महत्त्व सांगणारं अक्षर. सगळ्यात वर, 'अ' महत्त्वाची, आठ महिने एकच ओळ होती: 'बाबांच्या न्हाणीघरात धरायची दांडी बसवणे.'

सासरे त्याआधी न्हाणीघरात घसरले होते. हाड वाचलं. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या खेपेला वाचेलच असं नाही, भिंतीला दांडी लावून घ्या. मेहुण्यांनी त्याच दिवशी दांडी आणली, स्टीलची, स्क्रूंसकट. (कर्तव्यतत्परता ती हीच.) ओळ यादीत गेली आणि दांडी कपाटावर. मग सासूबाई त्या दांडीने गाद्या झोडपू लागल्या आणि सासरे नळाला धरून उठू लागले.

दांडी बसवायला एवढा वेळ का, असं अडाणी माणूस विचारेल. त्याने विचार करावा. दांडी बसवली की ओळीपुढे फुली मारावी लागणार. फुलीवरून काम झालं एवढं कळतं. कधी झालं ते कळत नाही. उद्या कुणी विचारलं तर? (कुणी विचारणार नव्हतं, पण आपली तयारी असावी.) तेव्हा फुली मारताक्षणी तारीख-वेळ आपोआप उमटेल अशी सोय आधी होणं भाग होतं. आणि ती होईपर्यंत दांडी बसवणं म्हणजे नोंदीविना मूल जन्माला घालण्यासारखं.

वर्ष आधी लिहावं की दिवस, यात एक रविवार गेला. सेकंद लिहावेत का, यात दुसरा. ('दांडीला सेकंद कशाला रे?' असं सासूबाईंनी विचारलं. त्यांचं शिक्षण जुन्या पद्धतीचं.) आपल्या घड्याळाची वेळ घ्यावी की साऱ्या जगाची, यात तिसरा. सासऱ्यांची दांडी कधी बसली हे परदेशातल्या कुणी पाहिलं तर त्याचा गोंधळ नको. अखेर एक कळ दाबली की फुली, तारीख, वेळ, सगळं झरझर उमटू लागलं. आता चाचणीला कामं हवीत. 'चाचणी एक', 'चाचणी दोन', 'बसणे', 'उठणे' अशी कामं निर्माण करून जागच्या जागी पूर्ण करण्यात आली.

त्या महिन्यात एकूण त्रेचाळीस कामं फत्ते झाली. पैकी एकोणतीस यादी सुधारण्याची, तेरा चाचणीची. उरलेलं एक 'केस कापणे'. ते न्हाव्याने केलं. एवढा कामाचा उरक त्या घराण्यात पूर्वी कुणी पाहिला नव्हता. आमचा मुलगा बसल्या जागी कामात असतो, असं सासरे आल्यागेल्याला कौतुकाने सांगत, आणि नळाला धरून उठत.

एके दिवशी नळ निखळून हातात आला. (नळ यादीत नव्हता, त्यामुळे मेहुण्यांना कल्पना असण्याचं कारण नाही.) सासरे बादलीवर बसले, म्हणून वाचले. बादली वाचली नाही. सासूबाईंनी प्लंबरला बोलावलं. त्याने नळ बसवला, तसं त्यांनी कपाटावरची दांडी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ड्रिल काढलंच आहेस तर हीही बसवून जा.

संध्याकाळी मेहुणे कचेरीतून आले, तर दांडी भिंतीवर. दुसरा एखादा मुलगा खूश झाला असता. मेहुणे मटकन खुर्चीत बसले.

"किती वाजता बसवली?"

"जेवणाच्या आधी," सासूबाई म्हणाल्या.

"आधी म्हणजे किती?"

"भाजी चिरून झाली होती."

आता आली का पंचाईत. आत्ता कळ दाबावी, तर धडधडीत खोटी वेळ पडणार. वेळ हाताने लिहावी, तर भाजी चिरून झाल्याची वेळ जगाच्या घड्याळात बसत नाही. ओळच पुसावी, तर आठ महिन्यांच्या चिंतनावर बोळा. मेहुणे सचोटीचे. सत्याचा मार्ग एकच उरला होता: दांडी काढायची आणि पुन्हा बसवायची, रीतसर, वेळेसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दारात स्टुलावर लॅपटॉप ठेवून त्यांनी पेचकस हाती घेतला. दांडी निघाली. तिच्यासोबत फरशीचा तुकडा निघाला, आणि पाठोपाठ मूठभर भिंत. मेहुण्यांनी तत्काळ यादीत तीन ओळी वाढवल्या: 'सिमेंट निवडणे', 'सिमेंट आणणे', 'वाळणे' (हे शेवटचं काम भिंतीकडे सोपवण्यात आलं).

तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकून सासरे आले. त्यांनी सवयीने भिंत चाचपली. एका दिवसात सवय लागली होती.

"अरे, काल इथे दांडी होती."

"बाबा, पाच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं आठ महिने चालू आहेत. हात दे इकडे."

मेहुण्यांनी हात दिला. सासऱ्यांनी तो कोपरापासून भिंतीला टेकवला, दोनदा हलवून पाहिला, आणि सगळा भार टाकून खाली बसले. आंघोळ आटोपल्यावर त्यालाच धरून उठले.

"बरी आहे," ते म्हणाले. "जरा हलते. पण लोखंडाला पाठ चोळ म्हणता येत नाही."

भिंत केव्हाच वाळली. प्लंबर दोनदा विचारून गेला. सासरे म्हणतात, घाई नाही. त्यामुळे रोज सकाळी विभागप्रमुख भिंतीला हात टेकून उभे असतात. एक हात बापाने धरलेला, दुसरा साबणाचा. कळ दाबायची कशाने?

परवा मी त्यांना सुचवलं, ती वरची ओळ आता फुली मारून मोकळी करा. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"भाऊजी, उद्या परत उभं राहायचंय. पूर्ण झालं कसं म्हणू?"

तात्पर्य, त्या यादीत रोज होणारं काम एकच, आणि त्याच्यापुढे वेळ नाही. पद्धतशीर माणसाच्या हातून असा गलथानपणा व्हावा याचं वाईट वाटतं.

तुम्ही मात्र तसे नाही. इथवर सवडीने वाचत आलात, म्हणजे तुमची यादी चोख असणार. तर एवढंच करा: उठा, आपल्या न्हाणीघरात जा आणि नळ हलवून पाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारू नका, ते नाहीच म्हणणार. नळ सैल लागला, तर तारीख-वेळ लिहून ठेवा. सेकंद नाही लिहिले तरी चालतील.