सरदार कितिओनेचा कारभारी

आधीच सांगून ठेवतो, उंच उडालेला चेंडू माझ्याइतका अलगद झेलणारा माणूस आमच्या अख्ख्या फिजीत नव्हता. हे मी म्हणत नाही, माझी आई म्हणायची. पण देशाचा रग्बी संघ पहिल्यांदाच समुद्रापलीकडे खेळायला निघाला, तेव्हा सगळ्यात मागची, फुलबॅकची जागा मिळाली कितिओनेला. मी राखीव.

कितिओने माझा मामेभाऊ. आमच्यात आते-मामेभावांनी जन्मभर एकमेकांची टर उडवायची असते, त्यामुळे सुवाच्या धक्क्यावरच तो म्हणाला, "नेमानी, माझं बोचकं उचल. राखीव माणसाला तेवढंच काम."

सामोआ येईपर्यंत माझा जळून कोळसा झाला होता. तो गायला लागला की खलाशी काम टाकून ऐकायचे. मी गायलो की कामाला लागायचे. सगळ्यांना बोट लागली, त्याला नाही. मी कठड्यावर वाकून ओकत असताना तो शेजारी उभा राहून खोबरं खायचा.

तिथल्या आपिया गावात आमचा मुक्काम फामोए नावाच्या म्हाताऱ्याकडे होता. तरुणपणी फिजीत राहिलेला, त्यामुळे आमची भाषा फाडफाड बोलायचा. सामना दुसऱ्या दिवशी सकाळीच होता, कारण तिथल्या खेळाडूंना नंतर कामावर जायचं होतं. परसात डुक्कर भाजायला घातलेलं दिसलं आणि माझं डोकं चाललं. तट्ट जेवलेला माणूस पळणार कसा? मी फामोएच्या कानाला लागलो. म्हटलं, कितिओने दिसतो साधा, पण आमच्याकडचा मोठा सरदार आहे, फक्त सांगत नाही. त्याला पोटभर वाढलं नाही, तर सगळ्या फिजीचा अपमान होईल.

म्हातारा हादरलाच. त्याने घरातल्या बायकांना हाका मारल्या, बायकांनी शेजाऱ्यांना. बघता बघता कितिओने चटयांच्या थप्पीवर उंच बसला, गळ्यात माळा आल्या, दोन्ही बाजूंनी पंखे हलू लागले. त्याच्यासमोर पोरी नाचायला लागल्या, तेव्हा माझी कल्पना मलाच जरा कमी आवडली.

"हे काय चाललंय?" त्याने मला हळूच विचारलं.

"तू सरदार आहेस. गप खा."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पाठ ताठ केली. मी तेव्हाच पळायला हवं होतं.

कारण फामोए माझ्याकडे वळला. सरदार स्वतः बोलत नसतात, त्यांच्या वतीने कारभारी बोलतो, आणि ओळख मीच करून दिली म्हणजे कारभारी मीच, असं त्याचं म्हणणं. आमचा कप्तान इसोआ तोंड दाबून हसत होता. नाही म्हणावं तर थाप उघडी पडणार. बसलो.

मग यंगोना आला, मुळ्या कुटून केलेलं आमच्या बेटांवरचं गुंगीचं पेय. सरदाराने करवंटी तोंडाला लावली की लगेच पुढची कारभाऱ्याने एका दमात संपवायची. ही रीत आमच्याकडेही आहे, मलाच आठवली नाही. कितिओने नुसते ओठ ओले करून आणखी मागवत राहिला. माझी आधी जीभ बधिर झाली, मग ओठ, मग गुडघे. मध्येमध्ये भाषणं होतीच. त्याचे पूर्वज, त्याचं शौर्य, त्याचे डोळे, सगळ्यांची स्तुती मी केली, तीही दातओठ खात. लोकांना वाटलं, मला भरून आलंय.

मग डुकराचं अख्खं मुंडकं आलं, सोबत तारोच्या उकडलेल्या कंदांचा ढीग. कितिओनेने नखाएवढा तुकडा मोडला आणि पान माझ्याकडे सरकवलं. सरदाराचं उरलेलं कारभाऱ्याने संपवायचं, फामोएने प्रेमाने समजावलं. परत पाठवणं बरं दिसत नाही.

"सगळ्या फिजीचा अपमान," कितिओने म्हणाला. "जेव, नेमानी."

सकाळी मला दोघांनी धरून उठवलं. इसोआ म्हणाला की आपल्या कडेने धावणाऱ्याचा पाय प्रवाळावर कापलाय, त्याच्या जागी कितिओने जाईल आणि फुलबॅकला मी. "कालच ठरलं होतं. जेवणाआधी सांगणार होतो, पण तुझं भाषण चालू झालं."

त्या मैदानात एक झाड होतं. देवाने ते माझ्यासाठीच लावलं असावं. मी बराच वेळ त्यालाच टेकून उभा राहिलो. मग एक चेंडू उंच उडाला आणि थेट माझ्याकडे आला. डोळ्यांनी मी तो अचूक झेलला. हात मात्र वर आलेच नाहीत. चेंडू धप्पकन पोटावर आपटून पुढे उडाला, मागून सुसाट येणाऱ्या कितिओनेने तो उचलला आणि थेट रेषेपार नेऊन टेकवला. रग्बीत हाताला लागून चेंडू पुढे गेला तर चूक, पण माझ्या हाताला तो लागलाच नव्हता, त्यामुळे पंचांचीही हरकत नव्हती. आम्ही जिंकलो. लोकांनी सरदाराला खांद्यावर घेतलं. मला झाडाखाली बसवलं.

पुढचा मुक्काम टोंगा. फामोएचा मेहुणा आमच्याच बोटीवर होता आणि पहाटे शिडी लागताच सरदाराची बातमी घेऊन सगळ्यांच्या आधी उतरला. आम्ही दुपारी बाहेर येतो तर धक्क्यावर चटया अंथरलेल्या, लोक मांडी घालून बसलेले, पुढे यंगोनाचं भलंमोठं पातेलं, आणि मागे भाजलेल्या डुकरांची रांग.

कितिओने माळेसाठी मान पुढे करूनच शिडी उतरला.

"नेमानी," तो मागे न बघता म्हणाला, "परवा माझ्या नाकाबद्दल बोलायचं राहिलं."

मी सुरुवात नाकापासूनच केली.