साठ मीटरांचे चारशे दहा मीटर

सार्वजनिक सुरक्षिततेचा पाया अंतर हा आहे आणि अंतराचा पाया म्हणजे ते मोजण्याचा अधिकार.

१९७६ साली कासारवाडीत रुळांच्या एका बाजूला नगरपालिकेची शाळा आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅसिडचं गोदाम होतं. गोदामाची जमीन केंद्राची, परवाना राज्याचा. (वारा कोणाच्याच अखत्यारीत नव्हता.) मुख्याध्यापिका शालनबाई एके दिवशी नगररचना कचेरीतला आरेखक हरिहर टिल्लू याच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मुलांचे डोळे चुरचुरतात हो. पाढे म्हणताना निम्मा वर्ग खोकतो."

"अर्ज द्या, बाई."

"सहावा आहे हा."

हरिहर भिडस्त माणूस. त्याने जाऊन टेप लावली. साठ मीटर भरले. नियम दोनशेचा होता.

सरकारं एकमेकांना सहकार्य करत नाहीत, हा निव्वळ अपप्रचार आहे. केंद्र, राज्य आणि नगरपालिका अशा तिघांच्या अकरा संयुक्त बैठका झाल्या. (पैकी चार, सह्या कोणी कोणाच्या खाली करायच्या यावर.) गोदाम हलवायला केंद्र तयार नव्हतं, शाळा हलवायला नगरपालिकेकडे जागा नव्हती. राहिलं अंतर. ते हलवायला कोणाचीच हरकत नव्हती.

"गोदामातून शाळेकडे जायचं कसं?" अकराव्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं.

"फाटकावरून वळसा घालून, साहेब," हरिहर म्हणाला.

"मग अंतरही तसंच मोजा की!"

चारशे दहा मीटर भरले. एकही वीट न हलवता शाळा सुरक्षित झाली.

मंजूर नकाशा शाळेत लावायला हरिहर गेला, त्याच सकाळी गोदामातलं एक पिंप फुटलं. पिवळा धूर सरळ आला. त्याने फाटकावरचा वळसा घेतला नाही.

"बाई, मागच्या भिंतीवरून!" हरिहर ओरडला आणि भिंतीवर चढला. शालनबाई खालून मुलं देत होत्या, तो पलीकडे उतरवत होता. एकशे त्रेचाळीस मुलं उतरली. नुकसान म्हणाल तर हरिहरची विजार.

त्याने अहवालात साठ मीटर लिहिले. उलट टपाली मेमो आला: धूर अनधिकृत मार्गाने आल्याचे माहीत असूनही त्याची दखल का घेतली?

खुलासा लिहायचा सोडून हरिहर शालनबाईंकडे गेला. "बाई, आमच्या कचेरीचा व्हरांडा मोठा आहे," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून शाळा कचेरीच्या व्हरांड्यात भरली. तिसऱ्या दिवशी साडेअकराला, सत्ताविसाच्या पाढ्यावर, तिन्ही सरकारांचं एकमत झालं. गोदाम हललं. हरिहरची बदलीही झाली, पण खोकला थांबल्याचं शालनबाईंचं कार्ड त्याने जपून ठेवलं.

गोदामाच्या जागेवर पुढे फ्लॅटची योजना निघाली. निवृत्त हरिहर तिथे जाऊन गिऱ्हाइकांना सांगे, "जमिनीत काय मुरलंय ते आधी विचारा." लोक आदराने ऐकून घेत आणि विचारत, "ते असू द्या हो, दार पूर्वेला आहे ना?"

हसू नका. तुमच्या इमारतीच्या जागी आधी काय होतं, ते तुम्ही विचारलं होतं? दार मात्र पूर्वेलाच असेल.